मन आणि परिसर (लेखांक ६) : खाडीकाठचा विसावा

पाण्याकडे पाहत बसले की मन निवते. या अनुभवाचा उलगडा रेचल आणि स्टीफन कॅप्लन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली अवधानाच्या अंगाने मांडला. हिशेब तपासताना किंवा गर्दीतून गाडी हाकताना लक्ष मुद्दाम एका जागी बांधून ठेवावे लागते, बाकीचे सारे दडपावे लागते. ही शक्ती थकते. मग चिडचिड आणि चुका वाढतात. लाटा, ढग, हलणारी पाने यांकडे मात्र लक्ष आपसूक जाते आणि गुंतूनही पडत नाही. तेवढा वेळ थकलेल्या अवधानाला उसंत मिळते.

पुरावे आहेत, पण ते बेताचेच. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयातील पित्ताशय काढलेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. मॅथ्यू व्हाइट आणि सहकाऱ्यांच्या २०१० मधील छायाचित्रांच्या अभ्यासात, पाणी असलेली शहरी दृश्ये लोकांना हिरव्या निसर्गदृश्यांइतकीच आवडली.

मुंबईच्या पूर्व टोकाला ठाणे खाडीवर वसलेल्या ट्रॉम्बेत असे पाणी आहे, पण ते स्थिर नाही. ओहोटीला ते मागे सरते, चिखल उघडा पडतो आणि प्राणवायूविना कुजणाऱ्या गाळातून गंधकयुक्त वायूचा दर्प उठतो. याच चिखलात तिवरे रुजतात, हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत फ्लेमिंगो चरतात. वर ऐरोली आणि वाशी पुलांदरम्यानचा खाडीचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य ठरला, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. ट्रॉम्बेचा डोंगर आणि किनाऱ्याचा मोठा भाग मात्र भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कुंपणात आहे. शेजारी माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने. कारणे रास्त असली, तरी पाणी जवळ असणे आणि पाण्याजवळ बसता येणे यांतले अंतर इथे चांगलेच जाणवते.

कोळीवाड्यात प्रश्न आणखी वेगळा होतो. उधाण की भांग, ओढ कुठली, होडी चिखलात रुतण्याआधी परतायचे कधी, हे सारे मच्छीमाराला पाण्याकडे पाहूनच ठरवावे लागते. कॅप्लन यांच्याच मांडणीने पाहिले तर हे विश्रांतीचे नव्हे, कामाचे अवधान. तीच खाडी जेट्टीवर नुसत्या बसलेल्या माणसाकडून काही मागत नाही. पाण्याच्या गुणाइतकेच पाहणाऱ्याचे त्याच्याशी असलेले नाते इथे निर्णायक ठरते.

किती वेळ पुरेसा? इंग्लंडमधील सुमारे २० हजार जणांच्या २०१९ च्या अभ्यासात आठवड्याला एकूण १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. एका फेरीत की अनेक, याने फरक पडला नाही. अर्थात मुळात धडधाकट माणसेच बाहेर जास्त पडत असतील, ही शक्यता असा अभ्यास पुरती फेटाळू शकत नाही.