पटाशीची धार आणि चामड्याचा पट्टा

सुतार असो, चर्मकार असो वा नक्षीकाम करणारा, हत्यार हेच कारागिराचे खरे भांडवल होय. परंतु या भांडवलाची उधळपट्टी आपल्याच दुकानात रोज चालते. पटाशी जरा बोथट झाली की ती विजेच्या सराणीवर धरायची, ही सवय आता सर्रास झाली आहे. सराणीवर धार लवकर येते हे खरे. पण प्रत्येक वेळी पोलाद झिजते आणि जे झिजले ते परत येत नाही. शिवाय जास्त तापून धारेवर निळा डाग पडला की तेथील पाणी उतरले असे समजावे. अशी धार दोन दिवसही टिकत नाही.

यावर जुना आणि स्वस्त उपाय आहे: चामड्याचा पट्टा. न्हाव्याच्या दुकानात वस्तरा ज्यावर फिरवीत, तोच हा पट्टा. हिंदीत त्याला चमोटा म्हणतात. बदलत्या पात्यांचे वस्तरे आले आणि सलूनमधून तो दिसेनासा झाला. लाकूड व चामडे कापणाऱ्या हत्यारांना मात्र त्याची गरज आजही तेवढीच आहे.

पट्टा काय करतो?

दगडावर घासल्यावर धारेच्या टोकाला पोलादाचा अगदी बारीक पापुद्रा उभा राहतो. कारखान्यात त्याला ‘बर’ म्हणतात. तो तसाच राहिला तर काम करताना मोडतो आणि धार खडबडीत होते. पट्टा हा पापुद्रा काढतो व धार चकचकीत करतो. ज्या हत्याराची धार नुसती मंदावली आहे, त्याला दगडाकडे न नेताच ती परत मिळते. धारेला खाच पडली असेल तर मात्र दगडच हवा.

धार आणि चकाकी यांचे नाते आपल्या कारागिरांना नवे नाही. शिकलगार हा शब्दच ‘सैकल’, म्हणजे चकाकी देणे, यावरून आला. मिरजेच्या शिकलगार घराण्यांनी शस्त्रांचे काम मागे पडू लागल्यावर एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये बनविण्यास सुरुवात केली. त्याच मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

साहित्य

सुमारे ३ मिलिमीटर जाडीचे, घट्ट चामडे घ्यावे. कोल्हापुरी चपलेसाठी वापरतात तसे झाडाच्या सालीने व हिरड्याने कमावलेले म्हशीचे चामडे उत्तम. न रंगविलेल्या चामड्याची कापलेली कड पाहावी: तपकिरी असेल तर सालीचे, निळसर असेल तर क्रोमचे. क्रोमचे चामडे बहुधा मऊ व दबणारे असते. महाराष्ट्रात २०१५ च्या कायदादुरुस्तीने बैल व वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हशीवर नाही. तेव्हा चामडे म्हशीचेच व पावतीसह घेणे शहाणपणाचे.

याशिवाय ३८ सेंटिमीटर लांब व ६ सेंटिमीटर रुंद सपाट फळी, लाकडाचा पांढरा गोंद आणि स्टील पॉलिशसाठी मिळणारी हिरवी वडी लागते. या वडीतील क्रोमियम ऑक्साइडची पूड पोलादाला चमक आणते.

कृती

फळी लोखंडी पट्टी लावून तपासावी. वाकडी असेल तर रंधा मारावा. मुठीसाठी ८ सेंटिमीटर जागा सोडून ३० सेंटिमीटरचे चामडे कापावे. खरखरीत बाजू वर ठेवायची आहे, म्हणून गुळगुळीत बाजू पॉलिश पेपरने घासावी, नाहीतर गोंद धरत नाही. गोंदाचा थर पातळ व सारखा द्यावा. गाठ राहिली तर तेथे उंचवटा येतो. वर दुसरी सपाट फळी व वजन ठेवून रात्रभर सुकू द्यावे. मग हिरवी वडी खडूसारखी हलकेच फिरवावी. जाड थर नको.

पटाशीचा उतार चामड्यावर पूर्ण टेकवून ती नेहमी मागे ओढावी. पुढे ढकलल्यास चामडे कापले जाईल. वीसेक फेऱ्यांनंतर पाठ सपाट ठेवून चार-पाच फेऱ्या द्याव्यात. जोर लावू नये व शेवटी मूठ उचलू नये. चामडे दबले की धार गोल होते, आणि बहुतेकांचा पट्टा येथेच फसतो. गोल पटाशीच्या आतल्या बाजूसाठी गोल दांड्यावर चामडे चिकटवावे. मऊ लाकडाच्या आडव्या कापावर पटाशी चालवून पाहावी. काप न चुरता गुळगुळीत आला तर धार बरोबर.

व्यापाराची बाजू

चपलेच्या कारखान्यात चामड्याच्या कातरणी पडतात, फर्निचरच्या दुकानात फळ्यांचे तुकडे. दोघांनी हात मिळविला तर या टाकाऊ मालातून विकाऊ वस्तू तयार होते. हौसेने लाकूडकाम करणारे लोक असे पट्टे आज ऑनलाइन विकत घेतात. आयटीआयचे विद्यार्थी व हार्डवेअरची दुकाने हेही गिऱ्हाईक होऊ शकते. किंमत ठरविताना चामडे, लाकूड, गोंद याबरोबर आपल्या वेळेची मजुरीही धरावी. ती सोडून देण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे.

विक्री पुढे करता येईल. आधी एक पट्टा स्वतःच्या कामाच्या टेबलावर ठेवावा आणि हाताखालच्या मुलाला सराणीचे बटण दाबण्याआधी पट्टा वापरायला शिकवावे, एवढेच आमचे सांगणे आहे.