यंत्रराज : प्रतिकृती की प्रतिरूपक?

दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगण्यासाठी पितळेचे एक गोल यंत्र हल्ली हौसेने विकत घेतले जाते. वर नक्षीदार जाळी, तिच्याखाली वक्र रेषांची तबकडी, पाठीमागे फिरती पट्टी. विक्रेता त्यास ‘अ‍ॅस्ट्रोलेब’ म्हणतो. त्याचे संस्कृत नाव ‘यंत्रराज’; आणि त्यावरील पहिला संस्कृत ग्रंथ एका जैन आचार्यांचा आहे, हे विकणाऱ्यास सहसा ठाऊक नसते, घेणाऱ्यासही नसते.

भृगुपूरच्या, म्हणजे आजच्या भडोचच्या, मदनसूरींचे शिष्य महेंद्रसूरी यांनी शके १२९२ (इ. स. १३७०) मध्ये ‘यंत्रराज’ रचला. दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाच्या दरबारी त्यांना मान होता. विद्या अरबी-फारसीतून आलेली; म्हणून ती परकी ठरविण्याचा विचार त्यांनी केला नाही. ग्रंथात बत्तीस ताऱ्यांची स्थाने दिली असून त्यावर त्यांचे शिष्य मलयेंदुसूरी यांची टीका आहे. मराठीत शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त या ग्रंथाची नोंद घेतली. पाच अध्यायांपैकी चौथा ‘यंत्रशोधन’ हा आहे : घडविलेले यंत्र खरे की खोटे, हे तपासण्याचा. कारागिराच्या शब्दावर विसंबणे आचार्यांना मान्य नव्हते.

पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत लाहोरच्या अल्लाहदाद घराण्याच्या चार पिढ्यांनी अशी यंत्रे घडविली आणि त्यांवर आपली नावे कोरली. आज प्रतिकृतींना मूळ म्हणून जी यंत्रे समोर ठेवली जातात, त्यांत या घराण्याची यंत्रे मानाची आहेत.

येथे प्रतिकृतिकारापुढे मोठा पेच उभा राहतो. संपातचलनामुळे ताऱ्यांची स्थाने सुमारे बहात्तर वर्षांत एक अंश सरकतात. महेंद्रसूरींच्या काळापासून हे अंतर नऊ अंशांचे झाले. तेव्हाची ताऱ्यांची जाळी जशीच्या तशी कापली, तर तिच्यावरून काढलेली रात्रीची वेळ अर्ध्या तासाच्या आसपास चुकेल. तारे आजचे धरले, तर यंत्र चालेल. पण ती जुन्याची हुबेहूब नक्कल राहणार नाही. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. मात्र कोणता धरला, हे यंत्रावर लिहिलेले असावे.

दुसरी गोष्ट अक्षपत्राची, म्हणजे आतील तबकडीची. ती एकाच अक्षांशाची असते. दिल्लीची तबकडी साधारण साडेअठ्ठावीस अंशांची. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी साडेएकोणीस अंशांच्या आसपास. दिल्लीचे यंत्र तेथे नेले, तर त्यावरील क्षितिजरेषा तेथील क्षितिजाशी जुळणार नाही. जालना जिल्ह्यातल्या घरासाठी यंत्र घ्यायचे, तर तबकडी तेथल्याच अक्षांशाची मागावी. शोभेच्या मालात ही चौकशी कोणी करीत नाही, आणि तेथेच पारख होते. जाळीवरील राशिवर्तुळाचे बारा भाग प्रक्षेपाच्या गणिताने असमान येतात. ते सारखे कापलेले दिसले, की वस्तू केवळ शोभेची समजावी.

शोभेची वस्तू विकण्यात वावगे काहीच नाही. रुरकीत सर्वेक्षणाची व रेखांकनाची उपकरणे करण्याचा उद्योग जुना आहे. तेथील कारागीर पितळी होकायंत्रे आणि सेक्स्टंटही उत्तम घडवितात आणि ती परदेशी जातात. खटकते ते निराळेच. नव्या मालावर लंडनच्या जुन्या पेढीचे नाव आणि दीडशे वर्षांपूर्वीचे साल ठोकले जाते, त्यावर मुद्दाम काळपट चढविला जातो, आणि तो ‘आजोबांच्या पेटीतला’ म्हणून विकला जातो. तत्त्वार्थसूत्राने अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत मापातील लबाडीच्या शेजारीच ‘प्रतिरूपक व्यवहार’ ठेवला आहे : खऱ्याच्या नावाने तोतया माल देणे. चोरीचा माल घेणे आणि राज्याचा नियम ओलांडणे हेही त्याच यादीत येतात. संग्राहकाने ही यादी जवळ बाळगावी. कारण वस्तू खरोखर शंभर वर्षांहून जुनी निघाली, तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. खासगी व्यक्तीस ती परदेशी पाठविता येत नाही, आणि परवान्यावाचून तिचा व्यापारही करता येत नाही. म्हणून निर्यातदार आपल्या नव्या मालासाठी ‘ही पुरावस्तू नव्हे’ असा पुरातत्त्व खात्याचा दाखला घेतात. जुनेपणाचा बहाणा करणाऱ्यालाही सीमाशुल्काच्या खिडकीशी नवेपणच सिद्ध करावे लागते!

खरेदीपूर्वी एक शोधन घरच्या अंगणातही होते. निरभ्र रात्री यंत्र कडीने लोंबते धरावे, पट्टीच्या दोन्ही छिद्रांतून ध्रुवतारा पाहावा आणि कडेचे अंश वाचावेत. अंतरवाली सराटीत पट्टी साडेएकोणिसाच्या जवळपास थांबली पाहिजे.