भूकंपात उडी मारू नका

२३ एप्रिल २०२५ रोजी दुपारी पाऊणच्या सुमारास तुर्कस्तानातील इस्तंबूल शहर हादरले. मारमारा समुद्राखाली झालेल्या या भूकंपाची तीव्रता ६.२ होती. शहरात लोकांच्या राहत्या इमारती उभ्याच राहिल्या, तरीही दीडशेहून अधिक लोक जखमी झाले. या जखमांचे कारण प्रशासनाने सांगितले ते असे, की घाबरून त्यांनी उंचावरून उड्या मारल्या होत्या.

ही भीती निराधार नव्हती. इस्तंबूलच्या दक्षिणेला समुद्रतळाखालून उत्तर अनातोलियन ही फॉल्ट लाइन जाते. याच फॉल्टच्या पूर्वेकडील भागात १७ ऑगस्ट १९९९ रोजी झालेल्या भूकंपाने सतरा हजारांहून अधिक बळी घेतले. म्हणूनच जमीन हलताच काय करायचे, हे आधी ठरलेले असावे लागते.

उंचावरून पायांवर पडलेल्या माणसाच्या टाचेचे हाड मोडते. तोच दाब वर चढून कमरेच्या मणक्यांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे टाच मोडलेल्या अशा रुग्णाचा पाठीचा कणाही तपासावा लागतो. मणका मोडून मज्जारज्जूला इजा झाली, तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. अशा जखमीला उठवून बसवू नये, हातापायांना धरून उचलू नये. आजूबाजूला धोका नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत आहे तसेच पडू द्यावे.

पक्क्या बांधकामाच्या इमारतीत असाल, तर धक्के सुरू असताना जिन्याकडे किंवा लिफ्टकडे धावू नका. खाली बसा, मजबूत टेबलाखाली डोके-मान झाका आणि टेबलाचा पाय धरून ठेवा. खिडक्या आणि कपाटांपासून दूर राहा. जोराचा धक्का बहुधा मिनिटभरात ओसरतो. त्यानंतर चपला घालून जिन्याने उतरा, कारण फुटलेल्या काचांनी पाय कापतात.

दगडमातीच्या, जड धाब्याच्या घरात मात्र आत थांबणे धोक्याचे ठरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात अशाच घरांच्या ढिगाऱ्याखाली हजारो माणसे गेली. अशा घरात तळमजल्यावर दाराजवळ असाल, तर तत्काळ मोकळ्या जागेत जा.

ढिगाऱ्यातून सुटलेल्या माणसाबाबत आणखी एक सावधगिरी हवी. हात-पाय तासन्‌तास दाबले गेले की स्नायू मरू लागतात. वरचे ओझे हटताच त्यांतील पोटॅशियम रक्तात मिसळून हृदय अचानक बंद पडू शकते, आणि मायोग्लोबिन हे द्रव्य मूत्रपिंडे निकामी करते. १९९९ च्या त्या भूकंपानंतर अशा ६३९ रुग्णांची नोंद झाली; त्यांपैकी ४७७ जणांना डायलिसिस करावे लागले. यावर उपाय म्हणजे शक्य तितक्या लवकर, जमल्यास ओझे हटवण्यापूर्वीच, शिरेतून सलाइन सुरू करणे. म्हणून बचाव पथकासोबत वैद्यकीय मदत हवी.

बाहेर काढलेला माणूस नीट बोलतो-चालतो, म्हणून त्याला घरी नेऊ नये. तो किती वेळ अडकला होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लघवी काळ्या चहासारखी होत असेल, तर मूत्रपिंडांवर ताण आल्याची ती खूण आहे. अशा वेळी दुखण्यावरच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. त्यांतल्या अनेक मूत्रपिंडांना आणखी इजा करतात.

भूकंप कधी होईल हे सांगता येत नाही. घरातले मजबूत टेबल कोणते आणि भिंतीला न जखडलेले कपाट कोणते, हे मात्र आजच पाहता येते.