गजकर्ण आणि मेडिकलवरची ट्यूब

त्वचेचा सर्वांत वरचा थर, केस आणि नखे केराटिन या प्रथिनाची बनलेली असतात. याच केराटिनवर जगणाऱ्या बुरशींमुळे गजकर्ण, म्हणजेच नायटा होतो. गोल चट्टा, कडेला लालसर उंचवटा, मधला भाग निवळलेला आणि रात्री झोपू न देणारी खाज ही त्याची ओळख. वाशीम जिल्ह्यात खरिपाची डवरणी-निंदणी ऐन पावसात चालते. अंगावरचे कपडे दिवसभर ओले, घामेजलेले राहतात. त्यामुळे जांघा, कंबर आणि काखा ही बुरशीची हक्काची जागा होते. चिखलात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांमध्येही पुष्कळदा बुरशी असते. छाती-पाठीवरची शिबं मात्र वेगळ्या बुरशीमुळे येतात आणि ती फारशी खाजत नाहीत. फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर ते गजकर्ण किंवा शिबं न समजता कुष्ठरोगाची तपासणी ताबडतोब करून घ्यावी.

गजकर्ण आज हट्टी झाले आहे, आणि त्यात मेडिकलवरून विचारून आणलेल्या ट्यूबचा वाटा मोठा आहे. अशा अनेक मलमांत बुरशीनाशकासोबत तीव्र स्टिरॉइड असते. स्टिरॉइड त्वचेची प्रतिकारशक्ती दाबते, म्हणून दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि रोगी निश्चिंत होतो. बुरशी मात्र आत पसरत राहते. ट्यूब थांबताच चट्टा दुप्पट होऊन परततो. त्याची गोल कडही पुसली गेल्याने डॉक्टरलाही तो ओळखणे अवघड जाते. जांघेत कायमचे पांढुरके व्रण उमटतात ते वेगळेच. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत असा बदल केला. तरी ही मलमे आजही सहज हाती पडतात, हे चिंतेचे आहे.

दुसरे कारण बुरशीतच आहे. भारतात फैलावलेल्या एका प्रकाराला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव मिळाले. टर्बिनाफिन हे औषध बुरशीच्या ज्या एन्झाइमवर घाव घालते, त्याच्या जनुकात या प्रकारात अनेकदा बदल झालेला असतो. मग औषध लागू पडत नाही आणि इट्राकोनॅझोलसारख्या गोळ्या द्याव्या लागतात. निदान सोपे आहे: चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, की केराटिन विरघळते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात. चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध घ्यावे लागते. घरातल्या इतरांना चट्टे असतील तर त्यांचेही उपचार एकाच वेळी व्हायला हवेत. टॉवेल आणि आतले कपडे वेगळे, कडक उन्हात वाळवलेले असावेत.

लहान मुलांच्या डोक्यात बुरशी शिरली तर केस मुळाशी तुटून खपली धरते. तिथे नुसते मलम पुरत नाही, पोटात औषध द्यावे लागते. पण केस गळणे म्हणजे बुरशीच असे नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातील गावांत लोकांचे केस अचानक झडू लागले, तेव्हा सुरुवातीला बुरशीचाही संशय घेतला गेला. पुढे रुग्णांच्या रक्तात सेलेनियम वाढलेले आढळले.

नखाची बुरशी सर्वांत चिवट. नख पिवळे, जाड आणि ठिसूळ होते. पायाच्या अंगठ्याचे नख पूर्ण नवे यायला वर्ष-दीड वर्ष लागते, म्हणून गोळ्यांचा क्रम संपल्यावरही नख साफ दिसायला बरेच महिने जातात.