गिटारचा व्हॉल्व्ह प्रीअँप आणि न जुळणारी सर्किटे

गिटार शिकलेली, थोडेफार सोल्डरिंग येणारी मुले हल्ली जुन्या धर्तीचा व्हॉल्व्ह प्रीअँप घरीच बांधू पाहतात. गिटारचा क्षीण आवाज मुख्य अँप्लिफायरला देण्यापूर्वी वाढवणारा हा भाग. दोन-तीन सर्किटे हाती येतात, त्यांतले आकडे जुळत नाहीत आणि प्रश्न पडतो, खरे कोणते? आम्ही पडलो हिशेबाची माणसे. कागद कोणत्या खात्याचा, हे आधी बघतो. (या क्षेत्रातले लिओ फेंडरही मुळात हिशेबनीसच, १९३८ साली त्यांनी कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले.)

अमेरिकेचा १२एएक्स७ तोच युरोपचा ईसीसी८३. हा वाद तेथेच मिटला.

आता पहिल्या टप्प्याचा कॅथोड रेझिस्टन्स पाहा. फेंडरच्या १९६०च्या दशकातील अनेक सर्किटांत तो १५०० ओहम आहे. त्याआधीच्या ‘बासमन ५एफ६-ए’मध्ये ८२०. जवळजवळ निम्मा! पण रेघेवर बोट ठेवून गेल्यास कळते की बासमनमध्ये एकाच काचेतील दोन्ही ट्रायोडना मिळून तो एक रेझिस्टन्स आहे. करंट दुप्पट, म्हणून ओहम निम्मे. एका खात्यावर दोन नोंदी, इतकेच.

सगळेच फरक असे वरवरचे नसतात. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ साली बासमनवरून ‘जेटीएम ४५’ तयार झाला. बासमनचा पहिला व्हॉल्व्ह १२एवाय७, वर्धनांक सुमारे ४४. मार्शलचा ईसीसी८३, वर्धनांक १००. पुढे मार्शलने एका बाजूस २७०० ओहम व ०.६८ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घातला, त्याने खर्ज कमी होऊन आवाज धारदार झाला. तिन्ही कागद आपापल्या जागी बरोबर आहेत. तेव्हा एक धरावा आणि तोच शेवटपर्यंत बांधावा; याचा रेझिस्टन्स, त्याचा कंडेन्सर अशी खिचडी करू नये.

पडताळा मल्टीमीटरवर घ्यावा. पुरवठा ३०० व्होल्ट, प्लेटला १ लाख ओहम, कॅथोडला १५०० ओहम असे धरा. कॅथोडवर दीड व्होल्ट दिसला, तर करंट १ मिलिअँपिअर. प्लेटच्या रेझिस्टन्सवर १०० व्होल्ट उतरतात, प्लेटवर २०० उरतात. मीटर फारच वेगळे सांगू लागला, तर जोडणी तपासा.

पालकांनी एवढे वाचावेच: हे ३०० व्होल्ट जीव घेऊ शकतात. स्विच बंद केला तरी फिल्टर कंडेन्सर भरलेला राहतो. तो रिकामा करणारा रेझिस्टन्स कायमचा जोडावा, मीटरवर शून्य पाहावे, मगच आत हात घालावा. पहिल्यांदा वीज देताना व्हॉल्व्हचे रेडिओ उघडलेला एखादा जुना मेकॅनिक शेजारी बसवावा.