तैवानचा चहा : जुना किती, नवा किती?

एखाद्या देशाचा जुना आचार म्हणून जे दाखविले जाते, ते खरोखर किती जुने असते, हे सहसा कोणी विचारीत नाही. तैवानच्या चहाबाबत मात्र हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. कारण त्याचे उत्तर अनपेक्षित आहे.

प्रथम तो चहा कोणता, ते पाहू. तैवानचा नामांकित चहा म्हणजे ऊलाँग. खुडलेले पान हवेने हळूहळू तांबूस होऊ लागते. ही क्रिया होऊच दिली नाही तर हिरवा चहा, पुरी होऊ दिली तर काळा चहा, आणि पान तापवून ती मध्येच थांबविली तर ऊलाँग. केव्हा थांबवावयाचे, यातच सारे कसब. पिंगलिनकडील पाऊचुंग चहा लवकर थांबवितात, म्हणून त्याला फुलांचा वास येतो. बेइपूकडील 'ओरिएंटल ब्यूटी' बराच पुढे नेतात. गंमत अशी, की या चहासाठी पानांवर तुडतुडे पडावे लागतात! त्यांच्या दंशामुळेच पानात मधासारखा सुगंध उतरतो. साहजिकच तेथे कीटकनाशक फवारून चालत नाही.

चहाची झाडे चीनच्या फूज्यान प्रांतातून आलेल्या लोकांनी या बेटावर आणली. पण जगाच्या बाजारात हा चहा नेला तो जॉन डॉड या स्कॉटिश व्यापाऱ्याने. १८६९ साली 'फॉर्मोसा' ऊलाँग भरलेली त्याची दोन जहाजे तामसुई बंदरातून न्यूयॉर्कला निघाली. पुढे १८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षे बेटावर जपानी अंमल होता. जपान्यांनी आपल्या आसामातील जातीचा चहा आणून सन मून सरोवराच्या परिसरात लावला. हेतू काळ्या चहाच्या निर्यातीचा. तात्पर्य, शंभर वर्षे पिकविणारा तैवानी आणि उत्तम माल पिणारा परदेशी, असा हा व्यवहार होता.

१९७० नंतर तो कोलमडू लागला. कारखानदारी वाढली, मजुरी चढली, आणि परदेशच्या बाजारात तैवानी चहा महाग पडू लागला. मळेवाल्यांनी करावे काय? त्यांनी घरच्याच गिऱ्हाइकाकडे तोंड वळविले. लूगूसारख्या गावी चहाच्या स्पर्धा भरू लागल्या. पहिल्या येणाऱ्या चहाला मोठी किंमत येऊ लागली. लहान किटली आणि इवलेसे पेले ही पद्धत फूज्यानकडची जुनी. पण केवळ वास घेण्यासाठी उंच, अरुंद असा वेगळा पेला तैवानात निघाला तो याच सुमारास. चहा त्यात ओतावयाचा, पिण्याच्या पेल्यात उलटावयाचा, आणि रिकाम्या पेल्याचा सुगंध घ्यावयाचा. १९८१ साली तैपेईत 'विस्टेरिया' हे चहागृह उघडले. लष्करी कायदा उठला १९८७ साली. त्याआधी सरकारविरोधी मताची माणसे तेथे जमत. तेव्हा चहा हे केवळ चैनीचे निमित्त नव्हते.

याच दशकात दूध, बर्फ आणि गोळ्या घातलेला 'बबल टी' जन्मला. ज्या कंदाचा आपण साबुदाणा करतो, त्याच्याच पिठाच्या या गोळ्या. तैचुंग व तैनान येथील दोन दुकानांनी जनकत्वावरून कोर्टात धाव घेतली. हे पेय कोणाच्या मालकीचे नसल्याने जनक ठरविण्याची गरज नाही, असा निकाल २०१९ मध्ये लागला. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो तो वासाचा पेला आणि ज्याला थिल्लर नवलाई म्हणतो तो गोळ्यांचा चहा, ही जवळजवळ एकाच वयाची भावंडे ठरतात!

खरी काळजी निराळीच आहे. आज तैवान पिकवितो त्यापेक्षा अधिक चहा बाहेरून आणतो. त्यातला पुष्कळसा व्हिएतनामचा. परदेशी पान तैवानी म्हणून विकल्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत. डोंगरउतारावर हाताने खुडणाऱ्या मळेवाल्याला याची झळ लागते. आमच्या मते भांडण जुन्या-नव्याचे नाही. पान कोठले, हे गिऱ्हाइकाला खरे सांगण्याचे आहे.

आणि खरोखर जुने काय, असे कोणी विचारलेच, तर ते पेल्यांत सापडणार नाही. पूर्वी तेथे रस्त्याकडेला किंवा देवळाशी वाटसरूंसाठी चहाची किटली भरून ठेवीत. पैसे द्यावयाचे नाहीत, नाव विचारावयाचे नाही. आपल्या पाणपोईचीच ही बहीण म्हणावयाची.