शाळा सुटल्यानंतरचे वाचन

ठराविक वयापर्यंत मूल वाचावयास शिकले नाही, तर पुढे ते कधीच शिकणार नाही, ही समजूत फार जुनी आहे. ज्यांचा बौद्धिक विकास मंद गतीने होतो अशा मुलांच्या बाबतीत तर ती जवळजवळ सिद्धान्त म्हणूनच मान्य झाली होती. त्यांची प्रगती किशोरवयात थांबते, असे अनेक तज्ज्ञ मानीत. आणि प्रगती थांबली असे मानल्यावर शिकविणेही थांबे. मग प्रगती दिसावी कोठून?

इंग्लंडमध्ये १९७१ सालापर्यंत कित्येक मुलांना ‘शिक्षणास अपात्र’ ठरवून शाळेबाहेर ठेवण्यात येई. त्याच देशात १९६७ साली नायजेल हंट ह्या तरुणाचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. नायजेलला डाऊन सिंड्रोम होता. ह्या अवस्थेत पेशींमध्ये एकविसाव्या क्रमांकाची गुणसूत्रे बहुधा दोनाऐवजी तीन असतात. आईने त्याला वाचावयास शिकविले होते, आणि पुस्तक त्याने स्वतःच टंकलेखनयंत्रावर लिहून काढले. एका उदाहरणावरून नियम बांधता येत नाही, हे खरे. परंतु ‘अशक्य’ हा शब्द त्यानंतर जपून वापरणे भाग होते.

ह्या प्रश्नाचा पद्धतशीर विचार ऑस्ट्रेलियात झाला. ब्रिस्बेन येथील क्वीन्सलंड विद्यापीठाने डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकांचा दीर्घकालीन अभ्यास १९७८ साली हाती घेतला होता. वीस वर्षांनी, म्हणजे ती बालके तरुण झाली असताना, १९९८ साली त्याच विद्यापीठात ‘लॅच-ऑन’ नावाचा दोन वर्षांचा साक्षरतावर्ग सुरू झाला. शाळा संपलेल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणतरुणींसाठी तो होता. त्यांपैकी अनेकांचे वाचन विशीतही सुधारत राहते, असे तेथील संशोधकांना आढळले. सर्वांची प्रगती सारखी नव्हती. कोणी भराभर पुढे गेला, कोणी हळूहळू.

वाचनाचा आणि बोलण्याचा संबंध येथे विशेष जवळचा आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या अनेकांना ऐकू कमी येते, आणि ऐकलेले शब्द स्मृतीत धरून ठेवणे त्यांना जड जाते. पाहिलेले त्या मानाने बरे लक्षात राहते. उच्चारलेला शब्द क्षणात विरून जातो. छापलेला मात्र कागदावर थांबून राहतो. त्यांना समजते पुष्कळ, परंतु बोलता येते थोडे. अशा वेळी विद्यार्थ्याने तुटकपणे सांगितलेली हकीकत शिक्षक पूर्ण वाक्यांत लिहून घेतो आणि तीच त्याला वाचावयास देतो. आपलेच वाक्य, परंतु पूर्ण झालेले, त्याच्या डोळ्यांपुढे येते.

वाचावयास काय द्यावे, हा त्याहून नाजूक प्रश्न आहे. वीस वर्षांच्या तरुणाला शब्द सोपे म्हणून बालवर्गातील ससाकासवाची गोष्ट द्यावी, तर त्याचा अपमान होतो, आणि तो त्याला कळतो. त्याला सिनेमा, खेळ, गाणी, मैत्री, नोकरी ह्यांत रस असतो. विषय प्रौढ आणि भाषा सोपी अशी पुस्तके म्हणूनच हवीत. ग्रंथालयांत बालविभाग असतो, प्रौढविभाग असतो. ह्या वाचकाचे कपाट मात्र बहुधा सापडत नाही.

अडचणी आहेतच. शब्द वाचता येणे पुढे धावते आणि अर्थ मागे राहतो. म्हणून वाचण्यापूर्वी ‘पुढे काय होईल?’ असे विचारावे लागते, आणि वाचून झाल्यावर मजकूर स्वतःच्या शब्दांत सांगण्यास लावावे लागते. स्नायू शिथिल असल्याने हस्ताक्षर गिरविताना हात थकतो. संगणकामुळे तो भार हलका होतो. चूक खाडाखोड न करता दुरुस्त होते आणि छापलेला कागद कोणासही दाखविण्याजोगा दिसतो.

हा अभ्यासक्रम पुढे कॅनडा आणि आयर्लंड येथेही चालविण्यात आला. वर्गाची दोन वर्षे मात्र संपतातच, आणि वापरावाचून वाचन गंजते. घरातील बाजाराची यादी, पाहुण्यांचा निरोप, बसगाडीचे वेळापत्रक पाहणे ही कामे मग त्या तरुणाकडेच सोपवावी लागतात. तो सावकाश वाचत असला, आणि घरच्यांना घाई असली, तरीही.